गाडीवरचे पाण्याचे डाग: रंगावर बसलेत की रंगात उतरलेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काळी गाडी तीन आठवडे बागेच्या कडेला उभी होती. रोज पहाटे स्प्रिंकलरचे तुषार तिच्यावर उडायचे आणि मग दिवसभर ऊन. आता बोनेटवर, छतावर आणि एका बाजूच्या दोन्ही दारांवर पांढरट वर्तुळं उमटली आहेत. शॅम्पूने दोनदा धुतली, फरक नाही. फडक्यावर व्हिनेगर घेऊन पुसलं. ओलं असताना डाग गेल्यासारखे वाटले, वाळल्यावर परत हजर. एक मित्र म्हणतो रबिंग कंपाउंड मार. दुसरा म्हणतो सिरॅमिक कोटिंग करून टाक, सगळं झाकलं जाईल. आणि तुम्हाला हवंय एका केमिकलचं नाव.

नाव लिहून मोकळं होता आलं असतं. पण मी १७ वर्षं गाड्यांचा रंग दुरुस्त करायचंच काम करतोय, आणि 'डाग कशाने जातील' इथून सुरुवात झालेल्या गाड्याच माझ्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत येतात. खरा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे. डाग रंगावर बसलाय, की रंगात उतरलाय? वर बसलेला डाग म्हणजे क्षारांचा उंचवटा. तो विरघळवायचा असतो. उतरलेला डाग म्हणजे क्लिअर कोटला, रंगावरच्या पारदर्शक थराला पडलेला खळगा. खळगा विरघळत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणावा लागतो. खळग्यावर बाटलीभर व्हिनेगर ओता, खळगा तिथेच राहणार. उलट उंचवट्यावर सरळ पॉलिश फिरवलंत तर डाग जाईलही, पण जाताना शेकडो बारीक ओरखडे मागे ठेवून जाईल.

तुमच्या गाडीवर बहुधा दोन्ही आहेत. तीन आठवडे रोज एक थर म्हणजे कमी नाही.

एक गोष्ट आधी निकालात काढू. 'ओलं असताना गेले, वाळल्यावर आले' यावरून काहीच ठरत नाही. दुधी काचेवर पाणी टाकलं की ती पारदर्शक दिसते ना, तसंच हे. खरखरीत जागेवर पाण्याचा पापुद्रा बसला की ती जागा तेवढ्यापुरती गुळगुळीत होते, प्रकाश विखुरत नाही आणि डाग दिसेनासा होतो. क्षाराचा थर असो की खळगा, दोन्ही ओले असताना लपतात. म्हणून व्हिनेगर मारल्यावर लगेच खूश व्हायचं नाही आणि वाळल्यावर लगेच खचायचंही नाही. बघायचं ते पूर्ण कोरडं झाल्यावर.

आता डाग बनतो कसा ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी फारच जड समजतात. थेंब वाळताना पाणी उडतं, सोबत कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, आणि विरघळलेलं बायकार्बोनेट घट्ट कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं. किटलीच्या तळाशी जमणारा पांढरा थर तो हाच. एकदा हे झालं की साध्या पाण्याला ते परत विरघळवता येत नाही. एक लिटर शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जेमतेम १३-१४ मिलिग्रॅम विरघळतं. गाडीच्या शॅम्पूचा पीएच ७ च्या आसपास असतो. तो धूळ आणि तेलकटपणा सोडवायला बनवलाय, दगड विरघळवायला नाही. वीस वेळा धुतली असती तरी तुम्हाला हेच दिसलं असतं.

डाग वर्तुळाकारच का? थेंबाची कड जिथे चिकटते तिथे पातळ असते, म्हणून तिथलं पाणी आधी उडतं. ती तूट भरायला थेंबाच्या मधलं पाणी कडेकडे वाहत राहतं आणि बरोबर सगळा गाळ कडेला नेऊन टाकतं. सांडलेल्या कॉफीचा डाग मध्ये फिका आणि कडेला गडद दिसतो त्याचं कारण हेच. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ते नीट दाखवून दिलं. आपल्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की डागाचा सगळ्यात जाड भाग आणि सगळ्यात खोल जखम, दोन्ही कडेला असतात. तपासताना मधला भाग बघू नका, कड बघा.

लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी धरलं, तर अर्ध्या दशांश मिलिलिटरच्या, म्हणजे ०.०५ मिलिलिटरच्या एका थेंबातून मागे राहतो ०.०१५ मिलिग्रॅम ऐवज. डोळ्याला दिसेल न दिसेल इतका. तुमचं दुखणं एका थेंबाचं नाही. रोज पहाटे नवे थेंब जुन्या वर्तुळांवर पडत होते, थोडे पसरत होते, पुन्हा भाजले जात होते. उन्हात काळ्या बोनेटचं तापमान ७० अंशांपर्यंत सहज जातं. त्या तापमानाला क्लिअर कोट थोडा मऊ पडतो, आणि थेंब आटत जातो तसं त्यात जे काही आहे ते, क्षार असोत की हवेतून आलेलं आम्ल, दाट दाट होत जातं. शेवटच्या काही मिनिटांत तिथे पाणी नसतं, तिखट अर्क असतो. खळगा पडतो तो तेव्हा.

'थेंब भिंगासारखं ऊन एकवटतो आणि रंग जाळतो' असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. पृष्ठभागाला चिकटून बसलेल्या थेंबाचा प्रकाश एकवटण्याचा बिंदू पृष्ठभागाच्या बराच खाली पडतो, त्यामुळे ते काही खरं नाही. पानांवरच्या थेंबांबाबतही हाच समज होता. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली तो तपासला तेव्हा गुळगुळीत पानं काही भाजली नाहीत. उन्हाचा दोष आहे, पण तो तापवण्याचा आणि वाळवण्याचा.

आता तपासणी. गाडी सावलीत घ्या, बोनेटला हात लावून थंड झालंय याची खात्री करा, शॅम्पूने धुऊन नीट पुसून कोरडी करा. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटांची टोकं डागावरून अलगद फिरवा. नुसत्या त्वचेला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, कारण कातडीचं घर्षण मध्ये येत नाही. बारीक रेतीसारखं लागलं तर वर क्षार आहे. काहीच लागत नाही, पण टॉर्च तिरपा धरल्यावर वर्तुळ दिसतंय, तर खळग्याची शक्यता जास्त. पिशवी काढून नख अगदी हलकं फिरवलं आणि कडेला अडकलं, तर खळगा खोल आहे आणि त्या डागाबद्दल आत्ताच मन घट्ट करून ठेवा.

याहून पक्की परीक्षा म्हणजे आम्लाची, आणि तिथेच उपचारही सुरू होतो.

तुम्ही व्हिनेगर वापरलंत ते चुकलं नाही, वापरायची पद्धत चुकली. फडक्यावर घेऊन पुसलं म्हणजे दर डागाला दोन-तीन सेकंद मिळाले. दगडाला तेवढ्यात काय होणार? साधं पांढरं, ५ टक्क्यांचं व्हिनेगर घ्या, त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा. (निम्मं पाणी घातलं म्हणून ते निम्मं सौम्य होत नाही. पीएच २.४ चा फार तर २.६ होतो. पाणी घालायचं ते भराभर वाळू नये आणि वास सहन व्हावा म्हणून.) कागदी रुमाल किंवा पातळ मायक्रोफायबर त्यात भिजवा, डागांवर अंथरा आणि मिनिटभर हात लावू नका. फार तर दोन मिनिटं. मग उचला, पुसू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करून बघा. कमी झाला पण गेला नाही, तर परत एकदा. तीन खेपांनंतरही काहीच हललं नाही तर व्हिनेगर तिथे संपलं. चौथ्या खेपेला वेगळं काही घडत नाही.

अंथरायचं का, फवारायचं का नाही? उभ्या दारावर फवारलेलं व्हिनेगर ओघळून जातं, आणि बोनेटवर फवारलेलं वाळायला लागतं. वाळतं आम्ल म्हणजे आपण पुन्हा तोच दाट अर्क स्वतःच्या हाताने तयार करतोय. म्हणून एका वेळी रुमालाएवढीच जागा करा. काम संपल्यावर त्या पॅनेलला एकदा शॅम्पूचा हात द्या, म्हणजे कानाकोपऱ्यात आम्ल राहत नाही.

हे करताना क्रोमच्या पट्ट्या, उघड्या अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि रंग उडालेल्या जागा टाळा. आम्लाने त्या काळवंडतात. जवळपास ब्लीच असलेलं काहीही असेल तर दूर ठेवा, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हातमोजे घाला.

लिंबू चालेल का, हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. आम्ल आहे, काम करतं, पण कॅल्शियमबरोबर ते जो सायट्रेट बनवतं तो पाण्यात नीटसा विरघळत नाही, आणि कधी कधी एक डाग काढून त्याजागी धुरकट पापुद्रा बसतो. व्हिनेगरमधून होणारा अ‍ॅसिटेट पाण्याबरोबर सरळ वाहून जातो. म्हणून माझं मत व्हिनेगरला. टूथपेस्टचं तर विचारूच नका. बऱ्याच टूथपेस्टमध्ये घासायला घातलेली पावडर कॅल्शियम कार्बोनेटचीच असते. डाग ज्याचा, तेच आपण वरून चोळतोय!

बाजारात पाण्याचे डाग काढायची तयार द्रावणं मिळतात. ती व्हिनेगरपेक्षा जोरकस असतात, आणि त्यांत ओलावा धरून ठेवणारे घटक असल्याने ती कमी ओघळतात. व्हिनेगरने डाग निम्मे गेले आणि निम्मे राहिले तर ती वापरायला माझी हरकत नाही. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक सेकंदही जास्त ठेवू नका, म्हणजे झालं. मात्र टाइल्स किंवा संडास धुवायचं हायड्रोक्लोरिक आम्ल गाडीजवळ आणू नका. आणि ज्याच्यावर फ्लोराइडचं नाव आहे, हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड, ते तर घरातही आणू नका. ते काच खातं, आणि कातडीवर पडलं तर लगेच दुखत नाही, आत शिरून हाडापर्यंत जातं. काही जुन्या मंडळींना त्याचं भारी कौतुक असतं, कारण सिलिका विरघळवणारं तेच एक. जमिनीच्या पाण्यात सिलिका असू शकते आणि तिला व्हिनेगर स्पर्शही करत नाही, हे खरं. पण क्लिअर कोटवर तेवढी सिलिका पॉलिशने निघते. त्यासाठी हात जाळून घ्यायची गरज नाही.

आम्लानंतर कोरड्या गाडीवर टॉर्च मारलात की चित्र स्पष्ट होतं. काही डाग पूर्ण गेलेले असतील. काहींचा पांढरेपणा गेलेला असेल, पण वर्तुळाची सावली राहिलेली असेल. ती सावली म्हणजे खळगा. क्षार त्याच्यात बसला होता, तो निघाला आणि खालचं उघडं पडलं. लोक इथे म्हणतात, 'व्हिनेगरने रंग खराब केला.' व्हिनेगरने फक्त झाकण उघडलं.

आता पॉलिशकडे. तत्पूर्वी माझीच एक चूक सांगतो, म्हणजे मी 'आधी आम्ल, मग पॉलिश' याचा एवढा हट्ट का धरतो ते कळेल. धंद्यात दुसरं-तिसरं वर्ष होतं. अशीच काळी गाडी, असेच डाग, आणि मालकाला संध्याकाळी प्रवासाला निघायचं होतं. मी विचार केला, पॉलिश करणारच आहोत, त्यातच क्षारही निघतील, आम्लाचा तासभर वाचेल. मशीन चालू केलं. डाग गेले, मी खूश. गाडी उन्हात काढली आणि बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे! सुटलेले क्षाराचे कण पॅडमध्ये अडकले होते, आणि मी ते पूर्ण बोनेटवर फिरवले होते. तासभर वाचवायला गेलो आणि ते बोनेट परत करायला अख्खा दिवस घातला. त्या दिवसात जेवढा क्लिअर कोट घासला गेला, तो परत कधीच येणार नव्हता.

क्लिअर कोट किती असतो म्हणता? कंपनीतून आलेल्या गाडीवर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षा पातळ. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवायचं कामही त्याचंच. हलक्या पॉलिशने जो थर जातो तो इतका कमी की रंगाची जाडी मोजणाऱ्या माझ्या मीटरवर बहुतेक वेळा आकडा हलतही नाही. पण जाड कंपाउंड, लोकरीचा पॅड आणि उत्साही हात एकत्र आले की बघता बघता काही मायक्रॉन गेलेले असतात. आणि मीटर रंगाची एकूण जाडी सांगतो, प्रायमरपासून वरपर्यंतची. त्यातला क्लिअर कोट किती उरलाय ते सांगत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर साधा मीटर चालतच नाही.

म्हणून इथे 'अवलंबून आहे' म्हणावंच लागतं. गाडी नवी असेल आणि आधी कधी पॉलिश झालं नसेल, तर तुमच्याकडे घासायला वाव आहे. आधी दोन-तीनदा बफिंग झालं असेल तर नाही. एखादं दार अपघातानंतर पुन्हा रंगवलेलं असेल, तर तिथला थर मऊ असू शकतो. तेच पॉलिश तिथे दुप्पट कापेल. पॉलिश करताना पॅडला गाडीचाच रंग लागायला लागला, तर त्या भागावर क्लिअर कोट नाही किंवा संपला आहे. लगेच थांबा.

सुरुवात एका चौरसापासून. बोनेटच्या मधल्या सपाट भागावर हात-दीड हाताचा चौकोन मास्किंग टेपने आखून घ्या. कडा आणि उंच घड्या यांच्यापासून लांब, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसतो. डुअल अ‍ॅक्शन मशीन असेल तर उत्तम. ते एकाच वेळी फिरतं आणि डोलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. सगळ्यात मऊ फोमचा पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके. मशीन बंद असतानाच पॅड टेकवा, नाहीतर भिंतीपर्यंत शिंतोडे. कमी वेगावर पसरवा, मग मध्यम वेगावर आडवं-उभं असं चार ते सहा वेळा फिरवा. हात घाई करत नाही ना याकडे लक्ष द्या. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर पुरे. दाब मशीनच्या वजनाएवढाच.

पुसल्यावर लगेच निकाल देऊ नका. पॉलिशमधलं तेल खळगे तात्पुरते भरून टाकतं. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसा, मग टॉर्च तिरपा मारा. वर्तुळं गेली? मग हीच जोडी पूर्ण गाडीला चालेल आणि त्याहून जहाल काही लागणार नाही. राहिली? तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी पॅड थोडा कडक करा, पॉलिश तेच ठेवा. तरीही राहिली, तर पॉलिश एक पायरी वरचं घ्या. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काम झालं ते कळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त थर जातो. तुमच्या मित्राचं रबिंग कंपाउंड या शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर आहे. तिथपर्यंत बहुतेक गाड्या जातच नाहीत. तो थेट तिथूनच सुरुवात करायला सांगतोय, एवढीच माझी तक्रार.

मशीन नसेल आणि डाग पाच-दहाच असतील तर हाताने करा. फोमचा छोटा तुकडा, बारीक पॉलिश, आणि गोल नाही तर सरळ रेषेत घासणं. वेळ लागतो, दंड भरून येतात, पण होतं. तुमच्यासारखं अख्खं बोनेट आणि छत असेल तर हाताने नका करू. एकसारखा दाब राहत नाही आणि चमक चट्ट्याचट्ट्यांनी येते.

क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, कुठे बसतो? आम्लानंतर आणि पॉलिशच्या आधी, तोही भरपूर वंगणद्रव्य मारून. पिशवीतून अजून रेती लागत असेल तरच. तो वर चिकटलेलं काढतो, खळग्याला काही करत नाही, आणि स्वतः थोडे बारीक ओरखडे सोडतो. म्हणून पॉलिश करायचं नसेल तर काळ्या गाडीला क्ले करू नका, असंच मी सांगतो.

आणि मग येतात ते हट्टी. नख अडकणारे. दहापैकी एखाद-दोन असे राहणारच. त्यांच्या तळापर्यंत जायचं म्हणजे आजूबाजूचा सगळा थर तेवढा खाली आणायचा, आणि ते मी गिऱ्हाईकाच्या हट्टापायीसुद्धा करत नाही. खळग्याची कड गोलसर झाली की प्रकाश तिथे ठेचकाळत नाही, आणि दोन हातांवरून तो डाग दिसत नाही. नाक लावून शोधलात तर सापडेल. अशा डागाबरोबर राहणं हे उघड्या पडलेल्या रंगाबरोबर राहण्यापेक्षा कितीतरी बरं. ३००० नंबरच्या अगदी बारीक पॉलिश पेपरने ओलं घासून ते काढणारे लोक आहेत, मीही काढतो, पण मीटर हातात असेल आणि गाडीचा आधीचा इतिहास माहीत असेल तरच. घरी नाही.

क्रम एकदा परत सांगतो, कारण मध्ये बरंच बोललो: सावलीत धुणं आणि कोरडं करणं, पिशवीने तपासणं, ओला रुमाल अंथरून आम्ल, धुऊन पुन्हा तपासणं, आणि जे राहिलं त्यापुरतंच पॉलिश, तेही चौकोनात आजमावून.

मॅट रंगाची गाडी असती तर पॉलिशचा भाग पूर्ण वगळायला सांगितला असता. मॅट घासला की चकचकीत चट्टा पडतो आणि तो परत मॅट होत नाही. पारदर्शक फिल्म लावलेली असेल तर सौम्य आम्ल चालतं, पॉलिश त्या फिल्मच्या उत्पादकाला विचारून. काचेवरच्या वर्तुळांनाही आधी व्हिनेगरच. ती नाही हलली तर सेरियम ऑक्साइडचं पॉलिश, जे रंगाला नाही, काचेलाच लावायचं.

हे सगळं करून गाडी पुन्हा त्याच बागेच्या कडेला उभी केलीत तर तीन आठवड्यांनी आपण परत इथेच भेटू. जागा बदला, किंवा स्प्रिंकलरचं तोंड फिरवता येतं का बघा. तेही नाही जमलं तर निदान थेंब वाळायच्या आत पुसा; पण गाडी धुळकट असेल तर कोरड्या फडक्याने नाही, आधी पाणी मारून. धुताना शेवटचं पाणी फवाऱ्याने मारू नका. नळीचं तोंड मोकळं ठेवून सावकाश वरून सोडा. पाणी चादरीसारखं घसरून जातं आणि थेंब थोडेच उरतात, ते मायक्रोफायबरने टिपून घ्या. शेवटच्या हाताला डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त पाणी मिळालं तर फारच चांगलं. घरात पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर एक गैरसमज नको. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतं, एकूण क्षार कमी करत नाही. डाग तरीही पडतील, फक्त ते साध्या पाण्याने धुतले जातील.

राहिलं सिरॅमिक कोटिंग. आत्ता नको. ते पारदर्शक असतं, त्यामुळे झाकलं काहीच जाणार नाही. उलट वर्तुळं त्या थराखाली बंद होतील आणि काढायची तर आधी कोटिंग घासून काढावं लागेल. गाडी साफ झाल्यावर करायचं असेल तर जरूर करा, पण 'पाण्याचे डाग पडणार नाहीत' या भरवशावर नाही. कोटिंगवर पाणी पसरत नाही, गोल गोल टपोरे थेंब उभे राहतात. चालत्या गाडीवरून ते घरंगळून जातात, उभ्या गाडीवर मात्र जागच्या जागी वाळतात, आणि तेवढाच क्षार कमी जागेत जास्त जाड बसतो. फायदा एवढा की पहिला मार कोटिंग खातं, रंग नाही. त्यावरचे डागही वाट बघत ठेवायचे नसतात. दिसल्या दिवशीच ओला रुमाल अंथरायचा, मिनिटभर, वर सांगितला तसाच.